बिनहँडलची गाडी

मामाजी,

परवा शाळेतून येताना सेक्टर 10 च्या वळणावर एक नवीन गाडी दिसली. गडद हिरवी, समोरून सपाट, दिवे खाली बंपरात गेलेले. नंबर प्लेट दिसायच्या आधीच मी ओळखली आणि तोंडातून निघालं, "माझी." शेजारच्या सीटवर सातवीच्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यानं हरकत घेतली नाही. तुम्ही घेतली असती. "थांब, थांब. मी तिकडूनच पायली. तू तं सायकलवाल्याले पाहून राहिली होती," असं म्हणून ती तुम्ही आपल्या नावावर करून टाकली असती, आणि पुढचा अर्धा तास तिच्या दिव्यांवरून आपलं भांडण चाललं असतं.

तेरवी होऊन पाच दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर काहीतरी द्या, असा प्रशांतला निरोप आला आहे. तुमचं गाव, नोकरीची वर्षं, रिटायरमेंट, ते सगळं तो लिहील. तुमचा मुलगा आहे, ते त्याचं काम. मी सून. मला तुमच्यावर लिहायचं नाही, तुम्हाला लिहायचं आहे. छापायचं असेल तर छापोत.

आपल्या सगळ्या वादांपैकी एकच वाद मी पक्का जिंकले होते. तो जिंकायला नको होता, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तेवढंच सांगायचं आहे, पण त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही नुकतेच रिटायर झाला होता आणि मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. दिवसभराचं काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. माझे बाबा नंदिनीच्या खाणीत कामाला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कोणी ओलांडलं नव्हतं, त्यामुळे माझं नाक जरा वरच होतं, ते मी लपवत नाही. पण सासऱ्याशी काय बोलायचं ते कोणत्याच पेपरात नव्हतं. पहिलं वर्षभर आपलं बोलणं म्हणजे "मामाजी, चहा" आणि "हो, ठेव".

मग एका उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट गेली. क्वार्टरसमोरच्या पुलियाच्या बुटक्या कठड्यावर अर्ध्या लाइनीतली माणसं येऊन बसली होती, आपणही गेलो. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये प्रशांतच्या आई हातपंखा घेऊन. एक पांढरी गाडी समोरून निघून गेली आणि तुम्ही मान वळवून तिच्याकडे पाहतच राहिलात.

"इचा आवाज कुठं गेला?"

मी म्हटलं, "इलेक्ट्रिक आहे मामाजी. हिरवी प्लेट होती."

"थे तं समजलं. मी पस्तीस वर्षं बिजलीचीच गाडी चालवली. पन दिसते कशी तुले?"

दिसते कशी. आमच्या घरी वस्तू किती दिवस चालेल हे विचारायचे. ती कशी दिसते हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही नाही. मी काहीतरी म्हटलं, "चांगली आहे." तुम्ही म्हणालात, "चांगली म्हणजे काय? टप पायला का तिचा? मांगून असा दाबला हाय, जसं कोणी बसून गेलं." आई हसल्या, मीही हसले, आणि मग मला राग आला, कारण तो उतरत्या छताचा टप मला चांगला वाटला होता. मी तसं सांगितलं. तुम्ही सरकून बसलात. तिथून सुरू झालं.

तुमची बिजलीची गाडी म्हणजे स्टील प्लांटच्या मिलमधली क्रेन. छताखालच्या रुळांवरून जाणारी, जमिनीपासून साठ फुटांवर केबिन, आणि त्यात आठ तास तुम्ही. म्हणून तुम्ही जगातली प्रत्येक गोष्ट वरून पाहायचात. पुलियावर बसून, जमिनीला पाय टेकवूनसुद्धा, गाडीचा टप तुम्हाला आधी दिसायचा. मला आधी तोंड दिसायचं. नियम तुम्हीच ठरवलात: हिरवी प्लेट दिसायच्या आधी जो इलेक्ट्रिक ओळखेल त्याची गाडी. नावंही तुम्हीच ठेवलीत. टोकदार नाकाची ती इस्त्री. सगळीकडून गोल ती साबणाची वडी. एक उंच चौकोनी होती, ती डब्बा, आणि डब्बा तुमचा लाडका. "इच्यात पोतं ठेवता येते. खोटं काई नाही."

इलेक्ट्रिक गाडी आली म्हणून तुम्ही नाक मुरडाल, असं मला वाटलं होतं. उलटंच निघालं. समोर जाळी नसलेली गाडी मला तेव्हा अर्धवट वाटायची, आणि तुम्ही मला झापलंत. "इंजिन नाही तं जाळी कायले? हवा कोनाले पायजे? बिनकाचेचा चष्मा घालून फिरायचं का तिनं?" तो वाद मी हरले. नंतर नंतर खोटी जाळी दिसली की मीच "चष्मा" म्हणायला लागले. समोर या कानापासून त्या कानापर्यंत दिव्याची पट्टी असते, ती मला आवडायची. तुम्ही म्हणायचात, ताप आलेल्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आहे. तो वाद तसाच राहिला.

तुमचं म्हणणं एकच असायचं, मी ते हजारदा ऐकलं. "मशीन असो का गाडी, तिनं सांगितलं पायजे, इथं धर अन् इथं हात नको लावू. आमच्या शिडीचा कठडा पिवळा कावून होता? आंधळ्यालेई दिसला पायजे म्हणून." आणि म्हणून दारात दबलेलं हँडल दिसलं की तुम्ही भडकायचात. बाहेरून दार सपाट, हँडल पत्र्याच्या आत. एका बाजूनं अंगठ्यानं दाबायचं, दुसरी बाजू बाहेर येते, तिच्यामागे बोटं घालून ओढायचं.

"हँडल कावून लपवलं? चोराची गाडी होय का?"

"हवा अडते ना मामाजी. अंग गुळगुळीत असलं की तेवढ्याच चार्जिंगमध्ये जास्त जाते."

"किती जास्त?"

मला आकडा माहीत नव्हता. मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, "बरीच."

तुम्ही इतके हसलात की पलीकडच्या क्वार्टरमधून लोक डोकावले. "बरीच. बी.एस्सी.त हाच आकडा शिकवते वाटते." महिनाभर घरात सगळं "बरीच" होतं. भाजीत मीठ बरीच, उन्हाळा बरीच. मग एक दिवस तुम्ही एम.एस्सी.चा फॉर्म आणून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "भर. म्हणजे अंदाजानं बोलायची पाळी येनार नाही."

मामाजी, माझे बाबा माझ्यावर जीव टाकतात. पण मी कॉलेज पास झाले त्या दिवसापासून ते माझ्याशी वाद घालत नाहीत. काहीही झालं की "तुले जास्त समजते" म्हणतात आणि गप्प होतात. त्या गप्प होण्यात किती एकटं वाटतं ते मी त्यांना कधी सांगू शकणार नाही. तुम्ही मला एकदाही "तुले जास्त समजते" म्हटलं नाही. तुम्ही माझ्याशी बरोबरीनं भांडलात. माझ्या डिग्रीचा तेवढा मान दुसऱ्या कोणी केला नाही.

आणि मी काय केलं ते आता सांगते.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी शाळेत शिकवायला लागले होते, माझा पगार होता, माझा निर्णय होता, आणि ते मी घरात दोन-चारदा बोलूनही दाखवलं होतं. जी. ई. रोडवरच्या शोरूममध्ये आपण तिघं गेलो. दोन गाड्यांवर येऊन थांबलो. एक तुमच्या डब्ब्याची बहीण, साधं ओढायचं हँडल. दुसरी निळी, लांब, गुळगुळीत, दारात काहीच नाही. मी निळीसमोर उभी राहिले. तुम्ही तिच्या दाराजवळ गेलात, हँडलवर अंगठा ठेवलात, तेवढ्यात सेल्समननं पुढे होऊन दार उघडलं. तुम्ही हात खिशात घातलात.

"हे नको घेऊ," तुम्ही म्हणालात. "दिसायले चांगली नाही."

सेल्समनसमोर, प्रशांतसमोर मी म्हटलं, "तुम्हाला कुठं चालवायची आहे मामाजी. तुम्हाला तर फक्त बसायचं आहे."

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "हो, थेई खरं. घे तुह्या मनाची." मी जिंकले असं म्हणते तो वाद हा.

गाडी आली. कूलरच्या पॉइंटवरून वायर ओढून आपण ती चार्ज करायचो आणि येणारे-जाणारे थांबून विचारायचे. तुम्हीच त्यांना सगळं समजावून सांगायचात, अभिमानानं, माझ्या देखत. पण बसायची वेळ आली की काहीतरी बिनसायचं. आई बरोबर असल्या की आधी त्या बसायच्या आणि तुम्ही त्यांच्याच दारातून आत सरकायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचं एकमेकांशिवाय चालत नाही. आई नसल्या की तुम्ही दाराजवळ नुसते उभे राहायचात. झाडाकडे पाहायचात. मी स्टेअरिंगवरून म्हणायचे, "बसा ना, लॉक नाही, दार उघडंच आहे." तुम्ही "हो" म्हणायचात आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं, "तू जाय. मले थोडं काम हाय."

मी माझ्यापुरता अर्थ लावला. सुनेनं खाली उतरून, वळसा घालून सासऱ्याचं दार उघडावं, अशी तुमची अपेक्षा आहे, असं मला वाटलं. शोरूममधला राग तुम्ही असा काढताय. मी ठरवलं, बाकी काहीही करीन, पण ड्रायव्हरसारखं दार उघडून उभी राहणार नाही. खाणीतल्या मजुराची पोरगी आहे मी, दुसऱ्यांची दारं उघडून झाली आमच्या घराची.

मग दीक्षांत समारंभाचा दिवस आला. एम.एस्सी.ची डिग्री, जी तुमच्या फॉर्मपासून सुरू झाली होती. आई गोंदियाला बहिणीकडे गेलेल्या, प्रशांत फर्स्ट शिफ्ट करून परस्पर रायपूरला येणार. आपण दोघंच. तुम्ही पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. बाह्यांची बटणं उघडी होती, ते मला दिसलं आणि मी मनात म्हटलं, आज तरी नीट घालायची.

मी गाडीत बसले, उशीर झाला होता. तुम्ही मागच्या दाराशी आलात. हात ठेवलात. काढलात. परत ठेवलात. आरशात मला तुमचा खांदा दिसत होता.

"दार उघडंच आहे मामाजी."

"हो, हो."

आणि मी हॉर्न वाजवला. एकदाच, छोटा. तुम्ही वाकून काचेतून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी आता कितीही प्रयत्न केला तरी नीट वाचू शकत नाही, कारण तेव्हा मी तो वाचायचाच नाही असं ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू हो पुढं. मी बसनं येतो." बसनं तुम्ही वेळेवर पोचणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी गाडी काढली.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दाखव ना काय भेटलं थे."

मी म्हटलं, "कपाटात ठेवलं."

तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी दाखवलं नाही. तुम्ही जाईपर्यंत दोन महिने ती डिग्री तुमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे होती. त्या दोन महिन्यांत मी पुलियावर आले नाही, वह्या तपासायच्या आहेत असं सांगायचे. तुम्ही एकटे बसायचात आणि खिडकीतून हाक द्यायचात, "इस्त्री गेली एक." मी आतून म्हणायचे, "हो." कधी, "डब्बा आला वं, नवीन रंगाचा." मी म्हणायचे, "हो, मामाजी." बाहेर यायला मला काय झालं होतं. मी वाट पाहत होते की तुम्ही आधी माफी मागाल.

तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर वासुदेवकाका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तुमच्या क्रेनखाली उभं राहून हातानं इशारे करणारे ते, तुम्ही वरून त्यांचे हात वाचायचात, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. मी पाणी दिलं. ते गाडीकडे पाहत होते.

"हेच का थे गाडी?"

"कोणती काका?"

"ज्याच्यात त्याले बसता येत नव्हतं."

मी म्हटलं, "बसता येत नव्हतं म्हणजे? बसायचे नाहीत ते. आवडत नव्हती त्यांना."

काकांनी ग्लास खाली ठेवला. "आवडत नव्हती? पोरी, आमच्या गावात, साऱ्या उतईभर सांगत फिरे, मह्या सुनेनं निळी गाडी घेतली म्हणून. त्याच्यानं दार उघडत नव्हतं. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली होती ना त्याची, अन् डाव्यानं थे हँडल जमे नाही."

मी म्हटलं, बोटं तर होती.

"होती. पन त्याच्यात जीव नव्हता. सायकलवरून पडला होता, बारा-पंधरा वर्षं झाली असतीन. नस दबली. क्रेन तं तळव्यानं चालते, चालून गेलं. पन मेडिकलवाल्यानं पायलं असतं तं खाली उतरवलं असतं, जमिनीवरच्या कामाले. त्याले खाली नव्हतं उतरायचं. मेडिकलच्या दिवशी मूठ बांधून जाये अन् मूठ बांधून ये. दाखवायचंच नाही, अशी सवयच लागली. बायकोले माहीत असन, बटन तेच लावून दे. अन् मले."

मी विचारलं, "मग मला कावून नाही सांगितलं? मी उघडून दिलं असतं."

"मीई हेच म्हनलं त्याले. तं म्हणे, वासुदेव, आता कसं सांगू. तिचं अन् माहं त्या हँडलवरून किती दिवसांचं भांडन हाय. आता हात पुढं केला तं ते म्हणीन, मामाजी हरले अन् हात दाखवून जिंकून राहिले. थे बरोबर नाही." काका थोडं हसले. "लय शिकलेली हाय म्हणे, तिच्याशी नियमानंच खेळा लागते."

आत आई भांडी आवरत होत्या. मी त्यांना काही विचारलं नाही.

मामाजी, तुम्ही हजारदा सांगितलं होतं, इथं धर असं गाडीनं सांगितलं पाहिजे. मी ते मत म्हणून ऐकलं. आवड म्हणून ऐकलं, आणि आवडीवर मी तुम्हाला गुण दिले, आठवीच्या पोराला देतात तसे. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायचात, ते पाहिलं होतं. बाहीची उघडी बटणं पाहिली होती. माणसाच्या हातावर काय चाललं आहे हे विचारायला एम.एस्सी. लागत नाही. सून सासऱ्याला "हात दाखवा" कसं म्हणेल, असं म्हणून मी स्वतःची सुटका करू शकते, पण ते खरं नाही. जी सून सासऱ्यावर हॉर्न वाजवू शकते, ती हेही विचारू शकली असती.

एक गोष्ट मात्र तुमच्याशी खोटं बोलून गोड करणार नाही. ती गाडी मला अजूनही सुंदर दिसते. सकाळी उन्हात दाराचा तो अखंड निळा पत्रा पाहिला की मला आवडतो, आणि लगेच मला माझाच राग येतो. हे दोन्ही एकदम होतं. तुम्ही असता तर मी तुम्हाला विचारलं असतं की असं होऊ शकतं का, आणि तुम्ही मला नक्कीच काहीतरी वाकडं उत्तर दिलं असतं.

डिग्री मी तेरवीच्या संध्याकाळी कपाटातून काढली. तुमच्या फोटोपुढे ठेवावी असं आई म्हणाल्या. मी नाही ठेवली. फोटोला दाखवून काय करायचं. तुम्ही मागितली तेव्हा द्यायची होती.

त्याच दिवशी काका निघाले तेव्हा मी म्हटलं, चला, मी सोडून देते उतईला. ते गाडीकडे चालू लागले आणि मी जवळजवळ पळतच बोनेटला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले, हात पुढे केला.

"कायले पळून राहिली," काका म्हणाले. त्यांनी अंगठ्यानं दाबलं, बोटं आत घातली, दार ओढलं आणि आत बसले. एका सेकंदाचं काम. मी हात तसाच धरून उभी होते.

काकांनी आतून माझ्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, "लाव आता."

मी दार लावलं.